गोजराबाईची सावड

कोणाचं कौतुक करणं मला पटकन जमत नाही. गावात पिठाची चक्की चालवणाऱ्या बाईला ते परवडतही नाही. आज ज्याला चांगलं म्हणावं तो उद्या दळण घेऊन येतो आणि ओळखीचा म्हणून रांग मोडतो. त्यामुळे मी सगळ्यांशी सारखीच फटकून वागते, आणि गावानेही ‘निता म्हणजे तिखट’ असं मनाशी ठरवून टाकलं आहे. पण गोजराबाईची गोष्ट सांगायची तर कौतुक केल्यावाचून सुटका नाही. तेव्हा सुरुवातीलाच करून घेते. या बाईसारखी बाई मी पाहिली नाही.

आमचं गाव मेडशीहून आत आहे. सोयाबीन, तूर आणि नाल्याच्या काठाने थोडा भाजीपाला. गोजराबाईचं वावर त्या काठालाच लागून. वांगी, भेंडी, बरबटीच्या शेंगा, सांभार म्हणजे कोथिंबीर असं सगळं ती आणि तिचा नवरा उकंडराव मिळून पिकवतात आणि ती टोपलं घेऊन एसटीने बाजाराला जाते. मुलगा शिवम पुण्याला कंपनीत आहे. बाई उंचीने बुटकी, बोलायला सावकाश. तिच्याकडे पाहून कोणालाही वाटणार नाही की ही गावाला कामाला लावेल.

हे सगळं सुरू झालं धुऱ्यावरून. आमच्याकडे दोन वावरांच्या मधल्या बांधाला धुरा म्हणतात. वैशाखात पेरणीची तयारी सुरू झाली की जो तो आपला धुरा पेटवतो. वाळलेलं गवत जातं, काटे जातात, साप-विंचू निघून जातात, वावर कसं स्वच्छ दिसतं. त्यासोबत धुऱ्यावरच्या बोरी, पळस, हिवर, सीताफळीही जातात, पण त्याकडे कोण पाहतो? बापजाद्यांपासून चालत आलंय. गेल्या उन्हाळ्यात असाच एक धुरा पेटला तो दौलतसिंगांच्या बाजूने, आणि वाऱ्याबरोबर आग गोजराबाईच्या मळ्यात शिरली. ठिबकच्या नळ्या वितळल्या आणि पश्चिमेकडच्या धुऱ्यावरची अर्धी झाडं कोळसा झाली.

दौलतसिंग म्हणजे गावातले सगळ्यात मोठे शेतकरी. पांढरे कपडे, बुलेट, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पाहायची सवय. कोणी काडी लावली, त्यांच्या गड्याने की आणखी कोणी, ते काही सिद्ध झालं नाही. गोजराबाई भांडायला गेली नाही. तेव्हा मला तिचा रागच आला होता. मी असते तर त्यांच्या दारात बसले असते.

यंदा मात्र तिला त्या झाडांची किंमत कळली. फाल्गुन लागला न लागला तोच पश्चिमेकडून गरम झळा थेट मळ्यात घुसायला लागल्या. आधी झाडं त्या अडवायची. भेंडीचा फुलोरा गळून पडला, सांभार पिवळा पडला. पाणी देऊन देऊन विहीर तळाला गेली, तरी संध्याकाळपर्यंत पानं मान टाकायची. एक मोठा कडुनिंब आणि चार-पाच पळस तेवढे उरले होते. तेही गेले तर उन्हाळ्याचा भाजीपाला कायमचा बंद, हे तिला स्पष्ट दिसत होतं. आणि भाजीपाला बंद म्हणजे म्हातारपणी पोराच्या तोंडाकडे पाहायचं. ते तिला नको होतं.

त्याच सुमारास तालुक्याच्या गावी एका संस्थेने हवामान बदलावर बायांची बैठक घेतली. मीही गेले होते, खोटं कशाला बोलू, जेवण चांगलं असतं म्हणून. एक ताई आली होती, पोर हुशार होती आणि मनापासून सांगत होती. पृथ्वी कशी तापते, पाऊस कसा एकदम पडतो आणि मग महिनाभर गायब होतो. शेवटी ती म्हणाली, जगाचं आपल्या हातात नाही, पण गावाचं काहीतरी आपल्या हातात असतंच, ते कोणतं ते तुम्ही शोधा. आम्ही माना डोलावल्या आणि एसटी पकडली. गोजराबाई वाटभर खिडकीबाहेर बघत होती. गाव आल्यावर मला म्हणाली, “निते, आपल्या हातात काडी हाय. थेच सोडाची.”

तिने ग्रामपंचायतीत अर्ज दिला. धुरे पेटवायचे नाहीत, विळ्याने कापायचे, असा गावाचा ठराव करा. सरपंच बबनराव यांनी अर्ज हसतमुखाने घेतला. बबनराव कोणाला नाही म्हणत नाहीत. कधी कोणाला दुखवायचं नाही, या एकाच गुणावर तो माणूस निवडून येतो. पुढच्या ग्रामसभेत घेऊ म्हणाले. ग्रामसभेला शंभर माणसं तरी लागतात, नाहीतर कोरम होत नाही. आमच्याकडे पंचवीस-तीस जमतात. बबनराव अर्धा तास वाट पाहतात, घड्याळ बघून हळहळतात आणि सभा तहकूब करतात. तहकूब सभा पुन्हा भरली की तिला कोरम लागत नाही. मग त्यांची दहा-बारा माणसं चहा पीत जे मंजूर करायचं ते मंजूर करतात आणि जे नको ते ‘पुढे पाहू’ म्हणून ठेवून देतात. गोजराबाईचा अर्ज असाच दोनदा पुढे पाहिला गेला.

धुरा कापायचा म्हणजे मजूर लावायचे, आणि ते मोठ्या शेतकऱ्यांना नको होतं. सरपंचांना मोठे शेतकरी हवे होते. एवढं साधं गणित.

बाया आल्या असत्या तर कोरम सहज झाला असता. पण आमच्या बाया ग्रामसभेला जात नाहीत. तिथं आपलं काय काम, असं म्हणतात. आणि खरं म्हणजे घरून जाऊ देत नाहीत. कामाचा दिवस बुडवून सभेत बसायचं म्हटलं की सासूपासून नवऱ्यापर्यंत सगळे तोंड फुगवतात. गोजराबाई घरोघर जाऊन सांगून आली. बायांनी हो म्हटलं आणि एकही फिरकली नाही.

मला वाटलं, आता बाई गप्प बसेल. पण ती दुसऱ्याच दिवसापासून विळा घेऊन लोकांच्या वावरात जायला लागली.

आमच्याकडे सावड असते. आज मी तुझ्या वावरात राबते, उद्या तू माझ्या वावरात राबायचं. मजुरी कोणी कोणाला देत नाही, दिवसाची फेड दिवसानेच होते. ज्याच्या वावरात काम असेल त्याने दुपारचं जेवण घालायचं. सावड बुडवणारी बाई गावात नाही. बुडवली तर तिला पुढच्या हंगामात कोणी विचारणार नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे तिच्या नावाने पाणवठ्यावर काय काय बोललं जाईल ते बोलायला नको.

कांदे काढायचे दिवस होते. गोजराबाई आज हिच्या वावरात कांदे कापते, उद्या तिच्या तुराट्या गोळा करते, परवा आणखी कोणाच्या घरी हळद शिजवायला जाते. पहाटे स्वतःचा भाजीपाला तोडायचा, तो उकंडरावांच्या हाती पाठवायचा आणि आपण सावडीला. उन्हात तिचा चेहरा रापून काळा झाला. बाया विचारायच्या, काकू, आम्ही कधी येऊ फेडायला? ती म्हणायची, सांगन मी. माझ्या चक्कीवर याचीच चर्चा. कोणी म्हणालं नवीन विहीर खोदणार असेल, कोणी म्हणालं शिवमचं लग्न काढलं असेल. मी मात्र दळणाकडे लक्ष देत होते, कारण मला माझीच चिंता होती. चक्कीचा दगड गुळगुळीत झाला होता, त्याला टाकी द्यायची होती म्हणजे छिन्नीने पुन्हा खाचा पाडायच्या होत्या, घरधनी अकोल्याला गेले होते आणि वरचा दगड एकटीला उचलेना. गोजराबाई दळण घेऊन आली, पदर खोचला आणि दगडाला हात लावला. दिवसभर माझ्याबरोबर टाकी ठोकत बसली. संध्याकाळी पिठाने दोघी पांढऱ्याफटक झालो होतो. जाताना म्हणाली, “हे बी सावडीतच धरजो.” मी हसून हो म्हटलं. कशाला हो म्हणत होते, ते मला तेव्हा कळलं नाही.

एप्रिल सरत आला तशी ती पुन्हा घरोघर फिरली. एक तारखेला माझी सावड फेडा, सकाळी या, एवढंच म्हणाली. कोणत्या वावरात यायचं, असं चंदाने विचारलं. चंदा आमच्या गल्लीतली, हिच्याही घरी गोजराबाईने दिवसभर कांदे कापले होते.

“ग्रामसभेत,” गोजराबाई म्हणाली.

चंदाला वाटलं चेष्टा आहे. सभेत बसणं हे काय काम झालं, म्हणाली. गोजराबाईने तिला सांगितलं की बसून तर बघ, कांदे कापण्यापेक्षा जड असतं. आणि जेवणाचं काय? जेवण आहेच, ती म्हणाली, सभा झाली की माझ्या मळ्यात, कडुनिंबाखाली, गोवरीवर भाजलेले रोडगे आणि वरण. सावडीचं जेवण ते सावडीचंच.

यातली खुबी मला चक्कीवर बसूनच समजली आणि मी एकटीच हसत सुटले. सभेला जाते म्हटलं तर घरचे अडवतील, पण सावड फेडायला जाते म्हटल्यावर कोणत्या सासूची हिंमत आहे अडवायची? उलट सासूच म्हणेल, लवकर जा, लोकांचं ठेवू नये. बबनरावांना हे कळलं तेव्हा त्यांच्या तोंडचं हसू पहिल्यांदा जरा आखडलं.

सगळं जुळून आलं होतं. आणि सभेच्या आदल्या दिवशी उकंडरावांनी काय केलं?

उकंडराव हा फार सरळ माणूस. बायकोच्या मोहिमेत त्याने कधी आडकाठी केली नाही, कधी पुढे होऊन काही बोललाही नाही. ती घरी नसताना गुरंढोरं, पाणी, स्वयंपाकसुद्धा मुकाट्याने करायचा. आदल्या दिवशी ती मेडशीला बाजाराला गेली होती. याने उद्याच्या जेवणाची तयारी काढली. गोवऱ्या रचल्या, पाण्याचे ड्रम भरले. मग त्याच्या लक्षात आलं की कडुनिंबाखाली वाळलेलं गवत आणि काटे आहेत. एवढ्या बाया जेवायला बसणार, एखादीला साप-विंचू चावला तर? जागा स्वच्छ करावी म्हणून त्याने खिशातून काडेपेटी काढली.

धूर मला चक्कीतून दिसला. चक्की बंद करून मी धावले, वाटेत चंदा आणि आणखी चार-सहा जणी. आम्ही पोचलो तेव्हा उकंडराव ओल्या पोत्याने आग झोडपत होता आणि आग त्याला जुमानत नव्हती. पळस भडाभडा जळत होते. आम्ही सगळ्यांनी मिळून आग विझवली तेव्हा पश्चिमेचा अख्खा धुरा काळा झाला होता. कडुनिंबाची सगळी पानं होरपळून लटकत होती. भेंडीच्या दोन ओळीही गेल्या. उकंडराव काळ्या जमिनीवर उभा होता आणि त्याच्या उजव्या हाताची कातडी सोलली होती.

एवढ्यात गोजराबाई रिकामं टोपलं घेऊन वाटेने आली. आम्ही सगळ्या खाली बघायला लागलो. मला तर वाटलं, ही आता छाती पिटेल. मी पिटली असती. नवऱ्याला वावराच्या बाहेर काढलं असतं.

“बायायले बसाले जागा साफ करत व्हतो,” उकंडराव म्हणाला.

गोजराबाईने धुऱ्याकडे पाहिलं, कडुनिंबाकडे पाहिलं. टोपलं खाली ठेवलं. मग त्याच्याजवळ गेली आणि त्याचा हात हातात घेऊन म्हणाली, “भाजलं का वो लय?”

आणि तो एवढा मोठा माणूस रडायला लागला.

थोडं शांत झाल्यावर चंदाने हळूच विषय काढला. गेल्या वर्षी आग पलीकडून आली होती, यंदाही तिकडूनच आली असं सांगायचं. गाव लगेच विश्वास ठेवेल. आम्ही इथे होतो त्या कोणी तोंड उघडणार नाही. बाकीच्यांनी माना हलवल्या. मलाही ते पटलं होतं. दौलतसिंगांबद्दल मला काही प्रेम नव्हतं आणि एवढ्या दिवसांची बाईची मेहनत एका काडीपायी वाया जावी हे बघवत नव्हतं. गोजराबाई नवऱ्याच्या हाताला थंड पाणी लावत होती. वरती न बघता म्हणाली, “असं खोटं सांगाचं तं उद्या कायले उभी राहू मी?”

चंदा उठली आणि ड्रममधून आणखी पाणी घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत झेंडावंदन झालं आणि समाजमंदिरात सभा भरायची वेळ झाली. बबनराव घड्याळ बघायच्या तयारीतच होते. तेवढ्यात बाया यायला लागल्या. सावडीला जायचं म्हणून कामाच्याच वेशात, लुगड्यावर नवऱ्याचे फुलबाह्यांचे शर्ट, डोक्याला फडकी, काहींच्या तर कमरेला विळेसुद्धा. पुरुषांनी आधी जागा दिली, मग भिंतीला टेकले, मग बाहेर व्हरांड्यात सरकले. समाजमंदिर भरलं. मी दाराजवळ बसले होते, चक्कीला कुलूप लावून. ग्रामसेवकाने सह्यांचं रजिस्टर फिरवलं आणि बबनरावांकडे पाहून हळूच मान हलवली. कोरम झाला होता.

आगीची बातमी गावभर झाली होती, पण ती लावली कोणी ते आमच्यापलीकडे कोणाला माहीत नव्हतं. दौलतसिंग पुढच्या खुर्चीत बसले होते. लोक त्यांच्याकडे तिरक्या नजरेने बघत होते, आणि त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या होत्या. धुऱ्याचा विषय आला तसे ते उठायला लागले, बहुतेक स्वतःची बाजू मांडायला. पण गोजराबाई आधी उभी राहिली.

“काल माह्या धुऱ्याले आग लागली,” ती म्हणाली. “लोकं दौलतसिंगभाऊकडं पाहून राह्यले. तसं पाहू नका. आग माह्या घरून लागली. माह्या मालकानं काडी लावली.”

मी मनात म्हटलं, बाईने आपल्याच हाताने आपल्या पायावर कुऱ्हाड मारून घेतली. दौलतसिंग क्षणभर चपापले, मग खुर्चीत मागे रेलले आणि हसले. म्हणाले की मग विषयच मिटला. बाईंनी आधी आपलं घर सांभाळावं, मग गावाला शिकवावं. मागच्या काही पुरुषांनीही हसून घेतलं. बबनरावांनी पुढचा विषय वाचायला कागद उचलला.

गोजराबाई खाली बसली नाही. तिने आवाजही चढवला नाही.

“मिटला नाई जी. मी इतके दिस या एकाच गोष्टीसाठी घसा कोल्डा केला. माह्या संग एका ताटात जेवनाऱ्या मानसाच्या हातून तरी काडी सुटली नाई. वाईट मानूस हाय का थो? नाई. लोकायले जेवाले बसाले जागा पायजे म्हनून त्यानं लावली. म्हनजे हे एकट्या बाईच्या सांगन्यानं होत नाई. घरातही होत नाई. साऱ्या गावानं मिळून ठरवलं तं होते. म्हनून ठराव पायजे.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. काल जी गोष्ट आम्ही सगळ्या मिळून लपवायला निघालो होतो, तीच तिने सगळ्यांसमोर ठेवली आणि तीच तिच्या कामाला आली. मला हे सात जन्मांत सुचलं नसतं.

ग्रामसेवक तरुण होता, भला होता. त्याने विचारलं की ठराव मोडला तर दंड किती लिहू? गोजराबाई म्हणाली, पैशाचा दंड नको, पैसेवाला माणूस पैसा टाकून पुन्हा जाळेल. जो धुरा जाळेल त्याने सावड द्यायची. पावसाळ्यात स्वतःच्या धुऱ्यावर झाडं लावायची, दुसऱ्याच्या जळलेल्या धुऱ्यावरही लावायची, आणि ती जगवायची. मग ती थांबली आणि म्हणाली, “पयलं नाव आमचं लिवा. उकंडराव.”

सगळ्या माना मागे वळल्या. उकंडराव खांबाला टेकून उभा होता, हाताला फडकं बांधलेलं. आमच्याकडे बायकोने चारचौघांत नवऱ्याचं नाव दंडात लिहायला सांगावं, हे कोणी ऐकलेलं नाही. तो निघून गेला असता तर कोणी नाव ठेवलं नसतं, आणि ठरावही तिथेच बुडाला असता. गोजराबाई त्याच्याकडे बघत नव्हती.

“लिवा,” उकंडराव म्हणाला. “काडी म्याच लावली. साफसफाई समजून लावली. माहा बाप बी अशीच लावे. कोनाच्या बापानं नाई लावली इथं?” त्याने सगळीकडे पाहिलं. “हे झाडं तिनं पोरावानी जपले व्हते. तिनं मले एक शब्द म्हटला नाई. म्हटला असता तं बरं वाटलं असतं. लिवा माह्यं नाव.” आणि त्याने फडकं बांधलेला हात वर केला.

मग बायांचे हात वर झाले. माझाही झाला. भिंतीजवळच्या पुरुषांतून एक हात, मग दुसरा, मग आणखी बरेच. बबनरावांनी हात पाहिले. पंचायतीची निवडणूक लांब नव्हती, आणि गावातल्या एवढ्या बाया एका छताखाली बसलेल्या त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या. त्यांनी कागद खाली ठेवला आणि आपलाही हात वर केला. चेहरा असा की जणू ही कल्पना मुळात त्यांचीच होती.

दौलतसिंग उठून उभे राहिले. “अन् माह्या धुऱ्यायचं काय?” त्यांनी विचारलं. “नाल्यापासून सडकेलोक हाये. इतके कापाले मजूर कोन देईल, तुमी?”

“मी येईन,” गोजराबाई म्हणाली. “या बी येतीन. सावडीनं.”

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग बायांमधून हसू फुटलं आणि समाजमंदिरभर पसरलं. दौलतसिंगांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मजूर लावलेले. सावडीत ते घर कधी उतरलं नव्हतं. आता सावड घेतली तर फेडावी लागणार, आणि नाही म्हटलं तर धुरा जाळायला ‘मजूर नाहीत’ ही सबब उरत नव्हती. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. बराच वेळ ते गोजराबाईकडे बघत होते, आणि माझी खात्री आहे, त्या दिवशी ते पहिल्यांदाच कोणाच्या डोक्यावरून न बघता तोंडाकडे बघत होते.

“या मंग,” ते म्हणाले.

ठराव मंजूर झाला.

जेवणाची जागा बदलावी असं आम्ही सगळ्यांनी सुचवलं. समाजमंदिरात पंखे होते. कडुनिंबाखाली आता सावली कुठली? गोजराबाईने ऐकलं नाही. मळ्यात म्हटलं होतं, मळ्यातच, म्हणाली. एकदा सगळ्यांनी तिथे बसून बघावं. मग आम्ही भर वैशाखाच्या दुपारी त्या काळ्या धुऱ्याच्या कडेला पंगतीने बसलो. डोक्यावर पदर, समोर पत्रावळी, रोडगे गरम, वरण गरम, बुडाखालची जमीन त्याहून गरम. वाऱ्याची झुळूक आली की वरणावर राख उडायची. कोणी कुरकुर केली नाही. चंदा एवढी बडबडी, पण ती खाली मान घालून जेवत होती. मध्येच जळलेल्या कडुनिंबाकडे पाहून तिने पदराने तोंड पुसलं. घाम पुसला की डोळे, कोण जाणे.

दौलतसिंगही आले. सावडीत उतरायचं तर पंगतीलाही बसावंच लागतं. बुलेट वाटेवर लावली, पंगतीत बसले, दोन रोडगे खाल्ले. उठले तेव्हा पांढऱ्या पायजम्याला मागून काळा शिक्का बसला होता. तसेच गाडीवर बसून गेले, आणि आम्ही पदरात तोंड खुपसून हसलो. जाताना मात्र पाऊस पडला की रोपं माझ्याकडून न्या, असं ते उकंडरावला सांगून गेले. कडुनिंब फुटणार की नाही, हे मात्र तेव्हाच कळणार होतं.

सगळ्यांचं आटोपेपर्यंत दिवस पश्चिमेला कलला. ऊन आता तिरपं, झाडं नव्हती त्या बाजूने सरळ अंगावर येत होतं. सगळ्यांना वाढून झाल्यावर गोजराबाई शेवटी एकटी जेवायला बसली. मी हंडे आवरत होते. तेवढ्यात उकंडराव आला आणि तिच्या पश्चिमेला उभा राहिला. बसला नाही. त्याची सावली तिच्या पत्रावळीवर आणि डोक्यावर पडली.

गोजराबाईने घास हातात धरून वर पाहिलं. “अवो, उभे काहून राह्यले? बसा ना.”

“राहू दे,” तो म्हणाला. “झाड येईलोक म्या उभा राहीन.”

तिने मान खाली घातली आणि सावकाश जेवायला लागली, आणि ती जेवून उठेपर्यंत उकंडराव तिथून हलला नाही.